आगाऊ घातलेलं गाऱ्हाणं

या हो, असे पुढे सरका. दाराशी चपला हातात धरून उभे आहात ते आत या. खांबाला टेकलेल्यांनी पाय आवरून शेजाऱ्याला जागा करून द्यावी. एक गोष्ट सांगायची आहे. देवळात घडलेली आहे, पण चमत्काराची नाही. पाषाणाला घाम फुटला नाही की आकाशातून कोणी बोललं नाही. एका म्हाताऱ्याने देवासमोर खरं सांगायला तोंड उघडलं, इतकंच घडलं. ते तोंड उघडायला त्याला अकरा वर्षं लागली, म्हणून सांगण्याजोगं.

आचऱ्याहून आत वळून खाडीच्या काठाकाठाने गेलं की भरडवाडी लागते. खाली भातशेती, वर सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला, लागून काजूच्या बागा आणि मधे श्री देव रवळनाथाचं देऊळ. गावाला बाहेर पडायला रस्ता एकच, आणि तो देवळाच्या पायऱ्यांना घासून जातो. मुंबईला परत निघालेला चाकरमानी असो, लग्नाचं वऱ्हाड असो की नवा घेतलेला टेम्पो असो, देवासमोर थांबल्याशिवाय भरडवाडीतून काही बाहेर पडत नाही. थांबायचं, चपला काढायच्या, आणि दाजींनी गाऱ्हाणं घालायचं.

घाटावरच्या मंडळींना वाटेल गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं. आमच्याकडे तसं नाही. गावाच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं. एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आणि ज्याला एकदा व्हय म्हटलं, ते मोडायचं नाही. कागदावर सही केलेलं भरडवाडीत पुष्कळांनी मोडलं आहे, पण देवासमोर व्हय म्हटलेलं मोडल्याचं मला तरी आठवत नाही.

दाजींचं वय सत्तरीला आलेलं. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की पायरीवर उभं राहून बोलले तर खालच्या वाडीत चुलीपुढे बसलेल्या बाईला ऐकू जावा. गाऱ्हाणं त्यांच्या घराण्याकडेच. मोठा प्रश्न असला तर गाऱ्हाण्यानंतर कौल. देवाच्या ओल्या पाषाणावर दोन अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. आमच्या बोलीत त्याला कळे लावणं म्हणतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पडेपर्यंत हात जोडून बसायचं.

माघ सरत आला होता. एका सकाळी उपकेंद्राच्या सिस्टर सत्यवती देवळाच्या पायरीवर दाजींच्या शेजारी येऊन बसल्या. बाई जामसंड्याच्या. दोन वर्षांपूर्वी इथे बदलून आलेल्या. कामाचं बोलायचं असलं की पुस्तकी मराठी, आणि वैतागल्या की थेट मालवणी.

"दाजी, रविवारी इथे सभामंडपात शिबिर ठेवलंय. प्रथमोपचार. साप चावला, कोणी बुडालं, छातीत कळ आली, तर गाडी येईपर्यंत काय करायचं ते शिकवणार."

"बरा काम आसा. गाऱ्हाणा घालतंय मी सुरवातीक."

"गाऱ्हाणं घालाच. पण मला आणखी एक वाक्य हवंय तुमच्याकडून." सिस्टरनी पर्स मांडीवर घेतली. "गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातून एक बाई आणली. फुरसं चावलेलं. किती वाजता चावलं विचारलं तर सकाळी नऊ. माझ्याकडे आली साडेअकराला. मधले दोन तास कौल लावून बसले होते. वाचली, पण आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती म्हणाले डॉक्टर. तुमच्याही गावात तीच रीत आहे. मी सांगितलं तर म्हणतील, शिकलेली बाई, हिला काय कळतंय देवाचं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. एवढंच म्हणा, की साप चावल्यावर कौलासाठी थांबू नका."

दाजींनी पायरीवरची एक काटकी उचलली आणि तिचे तुकडे करत बसले.

"इचारून सांगतंय," शेवटी म्हणाले.

"कोणाक?"

"देवाक."

सिस्टर हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरून उठल्या. त्यांना गावात येऊन दोन वर्षं झालेली. दाजींच्या घरात काय घडलं होतं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. अकरा वर्षांमागे, शिमगा होऊन गेल्यावर, दाजींची बायको सुभद्रा वाडीतल्या राधाबाईबरोबर बागेत पातेरा गोळा करायला गेली होती. पातेरा म्हणजे वाळलेला पालापाचोळा. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला तो लागतो. ढीग दोन्ही हातांनी कवेत उचलला, आणि त्यात फुरसं होतं. वीतभर जनावर. उजव्या हाताच्या बोटाला चावलं. राधाबाईने हाका मारल्या, माणसं धावली. मुलगा अजय तेव्हा वीस वर्षांचा. त्याने शेजारची जीप काढून आणली, आईला पुढे बसवलं आणि देवळासमोर येऊन थांबवली, कारण तिथे थांबायचंच असतं.

दाजी धावत आले. मार्ग दोन होते. मालवणला दवाखान्यात न्यायचं, की वरच्या वाडीतल्या मुळी उगाळून देणाऱ्याकडे? दाजी म्हणाले, दवाखान्यात न्यायचं का म्हणून कळे लावतो. सुभद्रा जीपमधून म्हणाली, "तुमी निवांत बसा, माका काय होणा नाय."

पाकळ्या लावल्या. उजवी पडेना, डावी पडेना. पुजारी म्हणाला, वायच थांबा. थांबले. पुष्कळ वेळाने उजवी पडली. दवाखान्यात न्या, असा देवाचा हुकूम झाला. नेलं. तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

गावाने दाजींना एका शब्दाने बोल लावला नाही. देवाने कौल उजवा दिला, दाजींनी ऐकला, पुढे तिचं आयुष्यच तेवढं, असं सगळे म्हणाले. मयताला आलेले म्हणाले, वर्षश्राद्धाला आलेले म्हणाले. दाजीही तेच म्हणत आले. त्या वाक्याखाली ते अकरा वर्षं राहिले, जसा माणूस छपराखाली राहतो. अजय मात्र ते वाक्य कधी बोलला नाही. बापाला जेवायला वाढी, औषध आणून देई, टेम्पो घेतला तेव्हा गाऱ्हाण्यालाही उभा राहिला. पण आईचा विषय निघाला की उठून गुरांकडे जाई.

आता ही सिस्टर एक वाक्य मागत होती. साप चावल्यावर थांबू नका. दाजींना ते वाक्य समोर दिसत होतं, आणि त्याच्या मागे दुसरं. थांबायचं नव्हतं, तर मग त्या दिवशी थांबलं कोण? ते एक वाक्य उच्चारलं की छप्पर आपल्याच हाताने उतरवायचं, आणि म्हातारपणी उघड्यावर बसायचं. देवाची इच्छा म्हणत होतो ते काय होतं मग?

चार दिवस ते देवळात जाऊन बसत होते. कळे लावायला मात्र हात पुढे झाला नाही. कौल मागायचा तर कशाचा? कौल मागू नये असं सांगण्यासाठी कौल? दाजी स्वतःशीच खिन्न हसले.

रविवार उजाडला. सभामंडपात सतरंज्या पसरल्या होत्या. साठ-सत्तर माणसं आली. दाजींनी गाऱ्हाणं घातलं: ही सिस्टर आपल्या भल्याचं शिकवायला आली आहे, तिच्या कामाला यश दे, लेकरांना शहाणपण दे. लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलं. दाजींनी हात जोडले आणि खाली बसले. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. दाजींनी मान वळवून समईची वात सारखी केली.

शिबिर मात्र रंगलं. सिस्टरनी रबराचा कमरेपर्यंतचा माणूस आणला होता. छाती कशी दाबायची ते दाखवायला त्याला सतरंजीवर निजवला, तसा बाबली पुढे सरसावला. बाबली म्हणजे गावातलं चालतंबोलतं नाटक. साठी उलटली तरी दशावतारात राजा होणारा.

"हेचे पाय खंय गेले गो सिस्टर?"

"पाय लागत नाहीत शिकायला."

"मगे बरा आसा. पळान जावचो नाय."

छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची, असं सिस्टरनी सांगितलं. मोजताना सगळ्यांची तारांबळ. कोणी रेल्वेसारखा सुटे, कोणी पंधरा झाल्यावर दम खाई. धोंडू भजनात पखवाज वाजवतो. त्याने डोळे मिटले, मनात एक गजर धरला आणि हात असा लावला की सिस्टरनी मोबाइलमधलं घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला एकशेदहा. भजनाला बसलेलं बोट कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

मग सापाचा विषय निघाला.

"चावलेल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, वर दोरी आवळायची नाही. माणसाला चालवायचं नाही. हातापायाला फळी बांधून तो हलणार नाही असा ठेवायचा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज येते."

"बांगड्यो काढूक सांगतंस?" राधाबाई मागून कडाडली. "नवरो जितो आसताना?"

"सूज चढली की कापून काढाव्या लागतात, आजी."

"कापल्यार चलात. मी माझ्या हातान काढूचंय नाय."

"काढ गो," बाबली म्हणाला, "तुझो घोव काय बांगड्यो मोजून जगणा नाय."

मंडपात हशा पिकला. राधाबाईने त्याला दोन शेलक्या शिव्या दिल्या, पण घरी जाताना मनगटाशी बांगडी पुढेमागे करून बघत होती, हे पुष्कळांनी पाहिलं.

शेवटी सराव. सिस्टरनी सांगितलं, नुसतं ऐकून उपयोग नाही, करून बघायचं. बाबलीला काजूच्या बागेत फुरसं चावलं असं धरायचं. पायाला फळी बांधायची, दोन बांबूंमध्ये चादर गुंडाळून डोली करायची, चौघांनी उचलून आणायचं आणि देवळापलीकडे वडाखाली उभ्या असलेल्या अजयच्या टेम्पोत घालायचं. "मी घड्याळ लावते. पंधरा मिनिटांच्या आत माणूस गाडीत पाहिजे."

अजय, वाडीतला शिवा, धोंडू आणि शिवाचा भाऊ, असे चौघे गेले. बाकीचा गाव देवळासमोर उभा राहिला. सिस्टर मोबाइल हातात धरून. दाजी पायरीवर.

बागेतून बाबलीचं विव्हळणं ऐकू आलं. एवढं सुंदर विव्हळणं खऱ्या माणसाला जमणार नाही. मग डोली दिसली. पाय बांधलेला नीट, चाल सारखी, हिसका नाही. बायका पोरांकडे बघत म्हणाल्या, झिलगे बरे शिकले हां. सिस्टर म्हणाल्या, "आठ मिनिटं! शाब्बास!"

आणि देवळासमोर येताच डोली थांबली.

कोणी थांबा म्हटलं नव्हतं. शिवाने पुढचा कोपरा खाली टेकला, धोंडूने टेकला, शिवाच्या भावाने टेकला. तिघांनी चपला काढल्या. एकट्या अजयने आपला कोपरा सोडला नाही. तो बांबू खांद्याशी धरून तसाच उभा, त्यामुळे चादर तिरकी झाली आणि बाबली एका अंगाला घरंगळला.

"अरे माका उलटो करतास काय, मेल्यांनो!"

"काय झालं? थांबलात कशाला?" सिस्टर धावत आल्या.

शिवाने त्यांच्याकडे असं पाहिलं की हिला एवढंही कसं कळत नाही. "गाऱ्हाणा?"

"कसलं गाऱ्हाणं? सराव चाललाय ना!"

"सराव तर सराव. माणूस गावाभायर जाता मा?"

"अहो, पण कोणी सांगितलं थांबायला?"

"सांगूक कित्याक व्हया?" शिवा म्हणाला आणि वळून दाजींकडे बघायला लागला. धोंडूही बघायला लागला. मग सगळा गाव बघायला लागला. नेहमीचं बघणं. दाजींनी बोलायचं, आपण व्हय म्हणायचं, मग पुढे.

सिस्टरच्या हातात घड्याळ पळत होतं. अजय बांबू धरून बापाकडे न बघता रस्त्याकडे बघत उभा होता.

दाजींच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांना वाटत होतं, सकाळी ते वाक्य टाळलं म्हणजे गोष्ट आपल्यापुरती टळली. पण इथे खोटं विष चढलेल्या माणसालाही हे लोक खाली ठेवत होते. यांचं डोकं शिकलं होतं, पाय शिकले नव्हते. हे पाय थांबतात ते माझ्या तोंडाकडे बघून थांबतात. उद्या खरं चावेल तेव्हा मी नसलो तरी माझ्या जागेकडे बघून थांबतील. नुसतं "थांबू नका" म्हणून भागणार नाही. ज्या रीतीने यांचे पाय बांधले, त्याच रीतीने ते सोडवायला हवेत.

दाजी उभे राहिले. उपरणं सारखं केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका गळ्याने.

"आज तुझ्या दारात तुझी लेकरां एका माणसाक आडवो घालून उभी आसत. चावलेला खोटा आसा, पण थांबणा खरा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गावात फुरसा आसा, इंचू आसा, खाडयेचा पाणी आसा. कोणाक कधी काय होयत ता तुकाच ठावक. त्या टायमाक बोलाक वेळ नसता. म्हणान फुडे जेका कोणाक काय होयत, तेच्यासाठी ह्या गाऱ्हाणा मी आजच, आगाऊ घालून ठेवतंय रे म्हाराजा!"

लोक क्षणभर गोंधळले. आगाऊ गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं. पण आवाज तोच, चाल तीच. "व्हय म्हाराजा!"

"तेची गाडी तुझ्या दारात थांबूची नाय. कळे लावूचे नाय, कौल मागूचो नाय. ती तुका हात न जोडता गेली, तर ता तू मनार घेव नको. ती तुझ्याच हुकमान गेली असा समज रे म्हाराजा!"

या वेळी आवाज फुटका आला. चार-सहाजण म्हणाले, बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. "दाजीनू, ह्या कसा काय?" मागून कोणीतरी पुटपुटलं. देवासमोर न थांबता जायचं, याला व्हय कसं म्हणायचं?

दाजींनी हात छातीशी घट्ट जोडून धरले.

"कसा ता सांगतंय. अकरा वर्सांमागे माझ्या सुभद्रेक फुरसा चावला. हंयच, ह्याच जाग्यार गाडी उभी होती. तू हात दिलंस, पाय दिलंस, दारात गाडी दिलंस, चलवणारो झील दिलंस. सगळा देवन झाल्यार मी परत तुकाच इचारीत बसलंय, जावू काय म्हणान. पाऊण तास बसलंय. माका स्वता ठरवूक भय वाटला, ता मी तुझ्या डोक्यार घातलंय. पाकळी उशिरा पडली नाय. मी उशिरा उठलंय. चूक माझी होती, तुझी नाय रे म्हाराजा!"

कोणी व्हय म्हटलं नाही.

कसं म्हणणार? व्हय म्हणायचं म्हणजे दाजी, तुझ्या हातून बायको गेली, असं देवाच्या साक्षीने तोंडावर सांगायचं. साठ-सत्तर माणसं खाली मान घालून उभी राहिली. वडावरचे कावळे तेवढे ओरडत होते. गाऱ्हाण्याला उत्तर न मिळता दाजी असे कधी उभे राहिले नव्हते. त्यांच्या बापाच्या, आज्याच्या वेळीही असं झालं नसेल. पायरीवर ते एकटे दिसत होते आणि फार म्हातारे.

तेव्हा बायकांतून राधाबाई पुढे आली. गाऱ्हाण्याला बायका सहसा मोठ्याने बोलत नाहीत. तिने पदर तोंडावरून काढला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. "मी थंय होतंय."

मग शिवा म्हणाला. धोंडू म्हणाला. मग एकेक करून सगळे, वेगवेगळ्या आवाजात, पुढे-मागे. नेहमीसारखं एका गळ्याने आलं नाही ते. अजयने व्हय म्हटलं नाही. त्याने बांबूवरची पकड सारखी केली आणि म्हणाला, "उचला."

तिघांनी उचललं. चपला घालायलाही थांबले नाहीत.

टेम्पोत घातल्यावर सिस्टरनी घड्याळ बंद केलं. काही क्षण आकडा वाचता आला नाही त्यांना, डोळे भरले होते. "एकवीस मिनिटं," म्हणाल्या.

"मी तर आचऱ्याच्या अलीकडेच मेलंय," टेम्पोतून बाबली ओरडला. "आता माका घराक तरी सोडा!"

दुपारी माणसं पांगली. अजय पायरीवर बसून बांबूवरची चादर सोडवत होता. दाजी आतून समई विझवून आले आणि त्याच्याजवळ, पण दोन पायऱ्या वर बसले.

"बाबा," अजय म्हणाला, "तुमी पाऊण तास म्हणालात."

"होय."

"एक तास धा मिनटां होती. माझ्या हातार घड्याळ होता."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. अजय चादरीची गाठ सोडवत राहिला.

"माका वाटलेला..."

"तुमका वाटतला. तुमी आत होतात. मी गाडयेत होतंय, तिच्या बाजूक."

दाजींना विचारायचं नव्हतं. अकरा वर्षं विचारलं नव्हतं. "काय बोलली रे ती तुका?"

"तुमच्यासमोर बोलली तसा नाय बोलली." गाठ सुटली. अजयने चादर झटकली, तिची घडी घालायला लागला. "तीनदा इचारल्यान. झाला काय रे? म्हणान. पयल्यांदा हसत. दुसऱ्यांदा वायच दमान. तिसऱ्यांदा डोळे मिटान." मग म्हणाला, "मी तिनय वेळा म्हटलंय, होता हां आये, होता. माका पण गाडी चालू करूक येत होती मा? माझे पण हात होते."

दाजी दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी येऊन बसले. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. तो हक्क आज मागावा असं त्यांना वाटेना. चादरीचं एक टोक मात्र धरलं, आणि बापलेकांनी मिळून घडी घातली.

"फुडच्या खेपेक एक तास धा मिनटां सांगान," दाजी म्हणाले.

"सांगा. आता जेवाक चला."

पाठीमागे गाभाऱ्यात रवळनाथ उभा होता. त्याने काय ऐकलं, काय पदरात घेतलं, ते त्याला ठाऊक. मी इतकंच म्हणेन, की देवाच्या दारात चार दशकं शब्द ओतलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी बोलला, आणि देव तेवढं ओळखत असावा.

पुढे ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली. एके दिवशी सकाळी दाजी देवळाची पायरी झाडत होते, तोच वळणापलीकडून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला, सलग. मागच्या भागात बायका बसलेल्या, मधे धोंडू निजवलेला, पायाला फळी. कापताना पेंढीखालून फुरसं चावलं होतं. अजय गाडी चालवत होता.

आयुष्यभराच्या सवयीने दाजी उपरणं सावरत रस्त्याकडे निघाले. मग थबकले. मी पुढे दिसलो तर तो मान राखायला का होईना, ब्रेकवर पाय ठेवील. म्हातारा मागे फिरला, मंडपात शिरला आणि खांबाआड अंग चोरून उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज येऊ दिला नाही.

टेम्पो पायऱ्यांसमोरून गेला. थांबला नाही, मंदावलाही नाही. धूळ उडाली ती थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली.

पाच दिवसांनी धोंडू घरी आला. पाय अजून जड पडतो, पण पखवाजाला बसतो.

आता उठायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. गावोगावी अशी शिबिरं होतील, तिथे जा, छाती दाबायला शिका, फळी बांधायला शिका. आणि शिकून घरी आल्यावर देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांबरोबर सुभद्रेचंही नाव घ्या. गाडीत बसून, कोणाला त्रास नको म्हणून हळू आवाजात, झालं का रे असं तीनदा विचारत होती ती. तिला आठवणीत असू द्या, म्हणजे तुमच्या दारात कोणाला तसं विचारायची पाळी येणार नाही.